परदेशी शिवार आणि मराठी प्रवाशाची नजर : प्रवासवर्णनांतील ग्रामदर्शनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी होत आली आहे. पहिले अंग वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपाचे. प्रवासवर्णन हे आत्मपर ललित लेखनाच्या किती जवळचे आणि माहितीपर लेखनापासून किती दूरचे, हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी असतो. डॉ. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथाने या चर्चेला पायाभूत स्वरूप दिले. दुसरे अंग संस्कृतिदर्शनाचे. 'ते' आणि 'आपण' यांच्या तुलनेतून लेखकाची मूल्यदृष्टी कशी प्रकट होते, याचा शोध त्यात घेतला जातो. या दोन्ही चर्चांतून एक साधी बाब मात्र निसटत आलेली दिसते. परदेशात गेलेला मराठी लेखक शहराबाहेर पडतो तेव्हा तो जमिनीकडे कसे पाहतो, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

शहराबाहेर पडण्याचा हा प्रसंग बहुतेक परदेश-प्रवासवर्णनांत येतो. लेखक अभ्यासासाठी, नोकरीनिमित्त किंवा मुलाबाळांकडे गेलेला असतो. आठवडाभर यजमानांना सवड नसते. शनिवारी सकाळी मोटार निघते आणि शहर मागे पडते. मग डोलणारी कुरणे, चरणारी मेंढरे, दगडी कुंपणे, चर्चचा मनोरा, एखाद्या टुमदार गावातील चहा आणि रविवारी संध्याकाळी परत. दिवाळी अंकांतील प्रवासलेखांत हा क्रम इतका रुळला आहे की त्याला उपप्रकार म्हणावयास हरकत नाही. त्याची भाषाही ठरून गेलेली आहे. जमीन 'गालिचा' होते, गाव 'चित्रातल्यासारखे' असते आणि एकंदर अनुभवाला 'निसर्ग' हे नाव दिले जाते.

येथेच पहिली अडचण उद्भवते. मराठीत नांगरलेल्या, पेरलेल्या, कुणाच्या तरी मालकीच्या व कुणाच्या तरी घामाच्या जमिनीला 'शिवार' हा शब्द आहे. 'रान', 'वावर', 'माळ', 'गायरान' असे त्याचे बारकावेही आहेत आणि प्रत्येक शब्दात त्या जमिनीचा उपयोग व तिच्यावरील हक्क सूचित होतो. सोलापूरच्या ज्वारीच्या पट्ट्याला कोणी मराठी लेखक निसर्ग म्हणत नाही. ते शिवार असते. तोच लेखक इंग्लंडातील गव्हाच्या शेतासमोर उभा राहिला की शिवार हा शब्द त्याला आठवत नाही. तिकडची शेती त्याला निसर्ग वाटते. हा शब्दांतर वरवरचा नाही. निसर्ग म्हटले की मालक, मजूर, कर्ज, भाव हे सारे प्रश्न आपोआप गळून पडतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे गळून पडणे हाच आहे.

आठवड्याची सुट्टी आणि तिची नजर

'वीकएन्ड' ही कल्पना शेतीच्या पंचांगातील नव्हे, ती गिरणीच्या भोंग्याची आहे. इंग्लंडात १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबले आणि तेथून अर्ध्या शनिवारची प्रथा पसरत गेली. मुंबईत रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मिळाली. ही सुट्टी हाती आली तरी मुंबईचा चाकरमानी काही शनिवार-रविवारी 'गावाकडे फिरायला' गेला नाही. तो गेला शिमग्याला, गणपतीला, लावणीला किंवा कापणीला. गावाशी त्याचा संबंध पाहण्याचा नव्हता, हातभार लावण्याचा होता. खुद्द गावाचा आठवडा रविवारभोवती फिरतच नाही. तो बाजाराच्या वाराभोवती फिरतो. दोन दिवसांत गाव पाहून परतणे ही सोय शहराने स्वतःसाठी निर्माण केली आहे.

या सोयीला स्वतःची नजर असते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन उरी यांनी १९९० मध्ये 'द टूरिस्ट गेझ' या ग्रंथात पर्यटकाची नजर ही समाजाने घडविलेली व शिकविलेली गोष्ट असल्याचे विस्ताराने मांडले. त्याआधी १९७३ मध्ये रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील ग्रामचित्रांची झडती घेतली होती. जमीन 'दृश्य' होते ती तिच्यावर न राबणाऱ्याच्या डोळ्यांना, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मराठी प्रवाशाच्या बाबतीत यात आणखी एक पदर मिसळतो. इंग्लंडचे ग्रामीण दृश्य त्याने पाहण्यापूर्वीच वाचलेले असते. वर्ड्‌स्वर्थ शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. त्यामुळे सरोवर प्रांतात पोहोचलेला मराठी प्राध्यापक नवी जमीन पाहत नाही, तर जुन्या पाठाची उजळणी करतो. या आनंदात खोटे काही नाही. पण तो पुस्तकाचा आनंद आहे, प्रदेशाचा नव्हे.

आणि प्रदेश तर वेगळेच सांगतो. इंग्लंडातील ज्या कुंपणबंद शेतांचे कौतुक होते ती कुंपणे मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या हजारो कायद्यांनी घातली गेली. सामाईक चराई आणि सरपणाचे हक्क त्यातून संपले व हक्क गमावलेली माणसे मजुरीला लागली, पुष्कळशी शहरांकडे गेली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात प्रवाशाला मोहविणारी जी विलक्षण शांतता आहे तिच्यामागे माणसांना हटवून मेंढ्या आणल्याचा, म्हणजे 'हायलँड क्लिअरन्सेस'चा इतिहास आहे. कुळांची घरे मोडली गेली, कुटुंबे किनाऱ्याकडे वा समुद्रापार गेली. एखाद्या मराठी लेखकाने त्या रिकाम्या दऱ्यांना 'माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग' म्हटले, तर त्या वाक्यात नकळत जमीनदाराची बाजू बोलत असते. सरोवर प्रांताला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. तेथील मेंढपाळीची परंपरा, तिने राखलेली कुरणे आणि दगडी बांध हा त्या दर्जाचा एक आधार आहे. म्हणजे जागतिक संस्थेला जे कष्ट दिसले ते प्रवासवर्णनात अजून निसर्गाच्याच खात्यावर जमा होतात.

लोकस्थिती आधी, प्रवास नंतर

मराठी परंपरेचा आरंभ असा नव्हता, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तेथे हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातील क्रम बोलका आहे. लोकस्थिती आधी येते, प्रवासवृत्त नंतर. राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, धर्मपंथ, व्यापार-उद्योग व स्त्रियांची स्थिती अशा विषयांनी हे पुस्तक बांधलेले आहे. प्रवासाच्या टप्प्यांनी नव्हे. अमेरिकेविषयी रमाबाईंना मनःपूर्वक आदर आहे, तरी तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाची नोंद घेण्यास त्या कचरत नाहीत. ही जमीन पूर्वी कोणाची होती, हा प्रश्न एका मराठी प्रवासी स्त्रीने एकोणिसाव्या शतकातच विचारला होता. पुढील मराठी प्रवासवर्णनाने ही वाट रुंद केली असती तर त्याचे स्वरूप आज निराळे असते.

वाट वळली ती ललिताच्या दिशेने. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) हे मराठी प्रवासवर्णनातील स्थित्यंतराचे पुस्तक मानले जाते आणि ते योग्यच आहे. शीर्षकातील प्रवास मात्र दोन राजधान्यांमधला, दोन विचारसरणींमधला आहे. १९५८ मध्ये बी.बी.सी.त दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी गेलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) या प्रकाराला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. पु. लं.चे सामर्थ्य माणसे टिपण्यात आहे, आणि ही माणसे बहुतांशी शहरातील आहेत. परदेशातील गल्लीत त्यांना गिरगाव सापडते. त्यातून जी विनोदी व ममताळू तुलना उभी राहते ती मराठी मध्यमवर्गाची स्वतःशी झालेली ओळख आहे. पु. लं.कडून शिवाराची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. अडचण त्यांच्या अनुकरणातून निर्माण झाली. 'अपूर्वाई'चा सूर उचलणाऱ्या पुढच्या लेखकांनी पु. लं.चे माणसांकडे पाहणे सोडून दिले आणि अपूर्वाई तेवढी ठेवली. माणसे वजा केलेली अपूर्वाई म्हणजे दृश्यांची यादी होय.

पांढरी आणि हिरवी

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकर यांचे ऑस्ट्रेलियाविषयीचे 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे' हे प्रवासवर्णन वेगळे ठरते. मराठी समीक्षेने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. माडगूळकरांच्या कथाकादंबऱ्यांच्या उजेडात ते झाकोळले, हे त्याचे एक कारण असावे.

या शीर्षकातील दोन विशेषणे नीट वाचली पाहिजेत. मेंढरे पांढरी असतात, कुरणे हिरवी असतात. यात सांगण्यासारखे काय आहे, असे शहरी वाचकाला वाटेल. माणदेशच्या माणसाला तसे वाटणार नाही. दख्खनी मेंढरू प्रामुख्याने काळे असते, त्याची लोकर जाडीभरडी असते आणि तिची घोंगडी होते. कुरण म्हणावे तर माणदेशात हिरवा रंग पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर दुर्मीळ. म्हणजे शीर्षकातील प्रत्येक विशेषण हे आपल्याकडे काय नाही याची नोंद आहे. 'पांढरी' म्हणताना काळे मेंढरू आणि 'हिरवी' म्हणताना करपलेला माळ डोळ्यांसमोर असल्याखेरीज हे शीर्षक सुचत नाही. ज्या लेखकाने 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांची वाडी वसती दाखविली आणि अखेरीस दुष्काळाने ती ओस पडतानाही दाखविली, त्याच लेखकाची ही विशेषणे आहेत.

आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात दीर्घकाळ काम केलेल्या, चित्रकाराचा हात आणि शिकाऱ्याचा डोळा लाभलेल्या या लेखकाला परदेशी जनावर 'दृश्य' म्हणून दिसणे शक्यच नव्हते. जनावराची जात, त्याची चाल, त्याच्या धन्याचा त्याच्याशी असलेला व्यवहार, हे त्याच्या पाहण्याचे अंगभूत भाग आहेत. खेड्यातून आलेला माणूस परदेशी खेड्यात पाहुणा असतो, पर्यटक नसतो. त्याला तिथल्या धंद्याची भाषा अर्धीमुर्धी येत असते. मराठी ग्रामीण साहित्याने मिळविलेली दृष्टी परदेशाकडे वळली तर काय घडते, याचा हा नमुना आहे. तो एकाकी राहिला. ग्रामीण साहित्याच्या चळवळीतील लेखकांना परदेशप्रवासाची संधीच तुलनेने कमी मिळाली, हे त्याचे व्यावहारिक कारण.

तथापि 'हिरवी कुरणे' या शब्दांवर आजच्या वाचकाने थोडे थांबावयास हवे. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्या १७९७ मध्ये पोहोचल्या आणि एकोणिसाव्या शतकात कुरणांचा विस्तार होत गेला तो तेथील आदिवासींच्या भूमीवर. ती भूमी जणू कोणाचीच नव्हती, या गृहीतकावर वसाहतीचा कायदा उभा होता. हे गृहीतक तेथील उच्च न्यायालयाने १९९२ मधील माबो खटल्याच्या निकालात फेटाळले. मेंढ्यांची संख्या १९७० च्या सुमारास अठरा कोटींच्या घरात गेली होती. पुढे लोकरीचा बाजार कोसळला आणि ती निम्म्याहून कमी झाली. म्हणजे हिरवे कुरण स्थिर नाही. त्याला सुरुवात आहे, चढउतार आहेत आणि त्याखाली आणखी एक जुना प्रदेश आहे. माडगूळकरांचे पुस्तक या इतिहासाशेजारी ठेवून वाचले तर त्याचे मोल कमी होत नाही. मेंढपाळ आणि कुरण यांचे नाते जाणणाऱ्या लेखकाच्या वाचकालाच कुरण गमावलेल्यांचा प्रश्न सर्वांत आधी सुचू शकतो.

न बोललेली सुटका

परदेशी खेड्याच्या मराठी कौतुकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तिचा उच्चार क्वचितच होतो. महाराष्ट्रातील गावात शिरणारा माणूस वेशीपासूनच कोणाचा कोण म्हणून ओळखला जातो. आडनावावरून, आळीवरून, पाणवठ्यावरून त्याची जागा ठरत आलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी १९३४ मध्ये वेरूळच्या सहलीच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले, तेव्हा दारातील हौदाच्या पाण्याला हात लावल्यावरून त्यांना अपमान सोसावा लागला. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तीही सहलच होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली तिच्यामागे असे अनुभव होते. परदेशी गावात मराठी प्रवाशाला जात विचारली जात नाही. फार तर रंग पाहिला जातो. उच्चवर्णीय लेखकाला या मोकळेपणात काही वेगळे वाटत नाही, कारण त्याला गावी अडविलेलेच नसते. तो मोकळेपणाचे श्रेय हवेला आणि हिरवाईला देतो. 'किती प्रसन्न वाटले' या ठरीव वाक्यात कोणाला कशापासून सुटका मिळाली, हे विचारले गेले पाहिजे.

काच आणि कॅमेरा

१९९० नंतर चित्र बदलले. उदारीकरण, संगणक क्षेत्रातील नोकऱ्या आणि सहल कंपन्यांचे बांधीव दौरे यांमुळे परदेशप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) सारख्या चित्रपटांनी स्वित्झर्लंडची कुरणे घराघरांत पोहोचविली. आता प्रवासी वर्ड्‌स्वर्थची नव्हे, गाण्याची उजळणी करू लागला. त्या कुरणांवरील गाईंमागे सरकारी अनुदानाची भक्कम व्यवस्था आहे, डोंगरउतारावरील शेतकऱ्याला भूदृश्य राखण्यासाठीही पैसे मिळतात, हे बसच्या काचेतून दिसत नाही. विदर्भातील वाचकासाठी मात्र त्या सबंध दृश्यातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच असते. या काळातील लेखनात मीना प्रभु यांचा अपवाद ठळक आहे. स्वतः आखलेल्या वाटेने, एकट्याने व दीर्घकाळ केलेल्या प्रवासामुळे त्यांच्या लेखनात स्थानिक माणसांना जागा मिळाली. दोन दिवसांच्या सहलीतून आणि दोन महिन्यांच्या मुक्कामातून येणारे गद्य एकच असूच शकत नाही.

समीक्षेने ज्याला साहित्य मानलेच नाही असा एक वेगळा प्रवासलेखनाचा प्रवाह याच काळात वाढला. राज्याच्या कृषी विभागातर्फे शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यासदौरे निघतात, खर्चाचा काही भाग शासन सोसते. इस्रायल, नेदरलँड्स अशा देशांतून परतलेल्या शेतकऱ्यांचे अनुभव २००५ मध्ये सुरू झालेल्या 'ॲग्रोवन'सारख्या दैनिकातून व कृषिविषयक मासिकांतून छापले जातात. अशा लेखनाची शैली साधी आणि प्रश्न रोकडे असतात. एकरी उत्पादन किती, पाणी कोठून येते, मजूर कोण, माल कोण उचलतो. वाङ्मयीन प्रवासवर्णनातून हद्दपार झालेली 'लोकस्थिती' येथे मागील दाराने परतलेली दिसते. रमाबाईंच्या पुस्तकाशी ज्याचे गोत्र जुळते असे लेखन आज शोधावयाचे तर दिवाळी अंकाआधी कृषिपुरवणी उघडावी लागेल, ही बाब मराठीच्या अध्यापकांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

नवी मुंबईतील वाचक

या चर्चेचे स्थानिक प्रयोजन नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयांत विशेष तीव्रतेने जाणवते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे, खाजणातील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे शिवार नकाशावर 'सेक्टर' झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. आज नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे येथील जुनी गावठाणे उंच इमारतींच्या वेढ्यात उभी आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ ज्या भूमीवर आहे तेथेही गावे होती. उलव्याची टेकडी त्यासाठी कापली गेली आणि नदीचे पात्र वळविले गेले.

या गावठाणांतील मुले मराठीच्या वर्गात बसतात. त्यांच्यासमोर परदेशी ग्रामदर्शनाचा उतारा येतो तेव्हा त्यांना 'निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये' लिहावयास सांगितले जाते. जमिनीचा मालक कोण होता, ती कोणाकडून कोणाकडे गेली, हे प्रश्न त्यांच्या घरात रोजचे असतात; पाठ्यपुस्तकातील उताऱ्याला मात्र ते लावता येतात, असे त्यांना कोणी सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी हेच शहर कर्जत, अलिबागच्या दिशेने 'गाव' पाहावयास निघते. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आल्यापासून या व्यवसायाला अधिकृत प्रतिष्ठाही लाभली आहे. अलिबागजवळ चरी हे गाव आहे. तेथील कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध शेती न करण्याचा संप चालविला. शनिवारच्या गाड्या त्या परिसरातून जातात.

उपाय म्हणून परदेशी प्रवासवर्णने वर्गातून काढून टाकावीत, असे कोणी सुचविले तर ते चुकीचे होईल. स्कॉटलंडच्या रिकाम्या दरीचा इतिहास घणसोलीच्या विद्यार्थ्याला जितका लवकर उमगेल तितका तो दादरच्या विद्यार्थ्याला उमगेलच असे नाही. उतारा तोच ठेवून प्रश्न बदलता येतात. वर्णनातील कुंपण कोणी घातले असेल. चित्रातील मेंढरांचा धनी वर्णनात कोठे आहे. 'निसर्ग' या शब्दाच्या जागी 'शिवार' घातल्यास वाक्याचे काय होते. त्याच्या जोडीला एखाद्या विद्यार्थ्याने आजोबांकडून खार, बांध, उघाडी, मिठागर या शब्दांचे अर्थ आणि ती जागा आज कोणत्या सेक्टरात आहे हे लिहून आणले, तर तेही टिपण प्रवासवर्णन या घटकाखालीच तपासावे आणि त्याला गुण द्यावेत.